स्टेपनीच्या बाजूचं मडगार्ड

आमच्या ह्यांच्या पोटात जन्मभर एकाच माणसामुळे दुखत आलं, आणि तो माणूस म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. उगाच आडवळणाने कशाला सांगू? हे डेंटर, तो पेंटर. दोघं साडू, एकाच गॅरेजच्या एकाच छपराखाली, मधे एक मळका पडदा. पडद्याच्या अलीकडे ठोकाठोकी, पलीकडे रंग.

गाडी कुठेतरी आपटून आली की आधी ह्यांच्याकडे यायची. चुरगळलेलं दार, आत गेलेलं मडगार्ड, काहीही असो. हे पत्र्याच्या पाठीमागे लोखंडी ठोकळा धरणार, पुढून हलक्या हाताने हातोडी मारत राहणार आणि पत्रा हळूहळू पूर्वीच्या जागी आणणार. नुसत्या आवाजावरून ह्यांना कळतं पत्रा कुठे ताणलाय आणि कुठे ढिला पडलाय. बायकोची हाक ऐकू येत नाही, ती गोष्ट वेगळी. मग गाडी पडद्यापलीकडे जायची, रंग चढायचा, आणि गिऱ्हाईक येऊन गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणायचं, "वा, काय रंग मारलाय!" पत्र्याबद्दल चकार शब्द नाही. पत्रा दिसला तर बोलणार ना. इथे कधी काही झालं होतं हे कुणाला कळू नये, हीच म्हणे चांगल्या डेंटिंगची खूण. हे त्यांनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी समजावून सांगितलं होतं. मी मनात म्हटलं, मग असला धंदा पत्करलात कशाला?

गॅरेजात ह्यांना ठोकमास्तर म्हणायचे आणि त्याला आरसा. त्याने रंगवलेल्या दारात बघून लोक भांग पाडायचे, म्हणून आरसा. एकाच कामाचे दोघे भागीदार, पण नावं ठेवणाऱ्यांनी कुणाच्या पदरात काय टाकलं ते बघा.

मी तरी कुठे साधी? धाकटीच्या घरी गेलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. उरलासुरला गाडीचा रंग तिच्या घरात यायचा. फाटक निळंशार, स्टूल पिवळं, धान्याच्या डब्यांना चंदेरी झाक, आणि कपाट असं लालबुंद की त्याच्यापुढे उभं राहिलं की माझी साडी जुनी वाटायची. माझ्या घरी ह्यांच्या धंद्यातून काय आलं? वाकडी पातेली सरळ करून मिळायची. पातेलं सरळ आहे म्हणून कुठल्या पाहुणीने आजवर कौतुक केलंय? वर धाकटी भोळेपणाने म्हणायची, "ताई, तुझ्या कपाटालाही सांगू का ह्यांना? हात मारून देतील एक." मी म्हणायची, "नको, मला साधंच बरं वाटतं." आणि घरी येऊन ते साधं कपाट धाडकन लावायची.

असं सगळं चालू असताना ती गाडी आली.

इंग्लंडात बनलेली, जुनी, दोन दारांची, लांबलचक नाकाची. मालक वकील होते. ते तिला ग्रँड टूरर म्हणायचे, म्हणजे सकाळी एका शहरातून निघावं आणि दिवसभर पळवून संध्याकाळी दुसऱ्या देशात न दमता उतरावं, अशासाठी बनवलेली गाडी. अशा गाड्या मुळातच थोड्या बनल्या होत्या आणि त्यातल्या आता किती उरल्यात ते बोटांवर मोजण्यासारखं, असं वकीलसाहेबांचं म्हणणं. सगळं अंग अॅल्युमिनियमचं, कारागिरांनी हाताने ठोकून घडवलेलं. आणि एक गंमत म्हणजे तिची स्टेपनी डिकीत नव्हती. पुढच्या चाकाच्या मागे, मडगार्डच्या पोटात एक कप्पा होता, वर उचलायचं झाकण होतं आणि आत जादा चाक उभं. दुसऱ्या बाजूच्या तशाच कप्प्यात बॅटरी. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण ते झाकण उघडून बघायला मीसुद्धा दोनदा डबा द्यायच्या निमित्ताने गेले.

गाडी स्टेपनीच्या बाजूने खांबावर आदळली होती. मडगार्डचा पुढचा अर्धा भाग कागदासारखा चुरगळलेला. वकीलसाहेब ह्यांना म्हणाले, "ह्याचा सुटा भाग जगात कुठे मिळत नाही. अख्खं मडगार्ड नव्याने हाताने घडवून पाहिजे. खड्डे बुजवायची पुट्टी चालणार नाही. एक चमचाही नाही."

"मला पुट्टी लागत नाही," हे म्हणाले.

"मग ऐका. आमचा जुन्या गाड्यावाल्यांचा एक गट आहे. रंग चढायच्या आधी त्यांना नुसता पत्रा बघायचाय. मी त्यांना एका रविवारी घेऊन येतो. फोटो काढणारा पण येईल. तुम्ही तिथे उभे राहायचं."

त्या संध्याकाळी हे घरी आले ते पायातली चप्पल काढायला विसरले. मला म्हणाले, "नुसता पत्रा बघणार आहेत." मी विचारलं, कोण? तर म्हणाले, "लोक." मग बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसले. एवढ्या वर्षांत त्यांचं उघडं काम गॅरेजबाहेरच्या कुणी पाहिलं नव्हतं. मला तर रडूच आलं. आणि दुसऱ्याच क्षणी डोक्यात आलं, त्या रविवारी धाकटीला बोलवायचंच. बघू दे जरा तिलाही.

कामाला दोन महिने लागले. पत्र्यावर अंगाचा साबण चोळायचा, खालून ज्योत फिरवायची, साबण काळा पडला की समजायचं पत्रा मऊ झाला. मग वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने फुगवायचा. ह्यांनी धड असलेल्या बाजूवरून, म्हणजे बॅटरीच्या बाजूवरून, पुठ्ठ्याचे साचे कापले आणि ते उलटे करून त्यांच्या मापाने नवं मडगार्ड घडवायला घेतलं. स्टेपनीचं चाक त्या वेळी गाडीत नव्हतं. त्याची रिम चकाकी द्यायला बाहेर पाठवलेली.

इकडे आरसा बाकीच्या गाडीचा जुना रंग पाण्याच्या पॉलिशपेपरने घासत होता. त्याची एक सवय आहे. घासून झालं की डोळे मिटून तळवा फिरवतो. एक दिवस मी डबा द्यायला गेले तेव्हा तो पडदा बाजूला करून म्हणाला, "दादा, ह्या गाडीच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत. स्टेपनीच्या बाजूच्या जुन्या मडगार्डचा जो मागचा भाग शाबूत आहे ना, तो जरासा फुगीर लागतो हाताला."

"आदळलीये त्या बाजूने. पत्रा मागे सरकला असेल," हे म्हणाले. हातोडी थांबवलीसुद्धा नाही.

"सरकलेला पत्रा असा एकसारखा लागत नाही. मुद्दाम तसा केलाय असं वाटतं. एकदा बघता का?"

"तू रंगाचं बघ."

तो पडद्याआड गेला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. घरी येऊन मी ह्यांना म्हटलंसुद्धा, "बरं तोंड बंद केलंत. आता पत्र्यातलंही हाच शिकवणार का?" हे म्हणाले, "त्याला बघवत नाहीये." मी म्हटलं, "तेच तर." आमचा संसार एरवी बेताचाच, पण ह्या एका विषयावर आमचं कधी दुमत झालेलं नाही.

रविवार उजाडला. आदल्या दिवशी हे उशिरा आले होते आणि काही न बोलता झोपले होते. मी म्हटलं, धाकधूक असेल. ह्यांचा शर्ट मी स्वतः इस्त्री केला. धाकटीला बरोबर घेतलं. गॅरेजात पोचलो तर पंधरा-वीस माणसं, चांगल्या कपड्यांतली, गाडीभोवती उभी. आणि नवं मडगार्ड राखाडी. वरपासून खालपर्यंत रंगाआधी मारतात तो प्रायमर. पत्र्याचा नखाएवढा तुकडाही दिसत नव्हता.

वकीलसाहेब शांत आवाजात विचारत होते, "हे कुणी केलं?"

"मी," आरसा म्हणाला. "चुकून झालं, साहेब. सकाळी लवकर आलो, उघडा पत्रा दिसला आणि सवयीने हात गेला. आज बघायला येणारेत हे ध्यानातच राहिलं नाही."

"तुम्हाला चार वेळा सांगितलं होतं."

"हो."

"नुसतं हो काय? ही माणसं कुठून कुठून आलीत."

वकीलसाहेबांनी त्याला सगळ्यांसमोर अशी हजेरी दिली की एरवी मला गुदगुल्या झाल्या असत्या. पण मी ह्यांच्याकडे बघत होते. इस्त्रीचा शर्ट घालून हे खांबाला टेकून उभे, मान खाली. मग वकीलसाहेब म्हणाले, "ह्या गाडीला तुम्ही परत हात लावायचा नाही. रंगाचं मी दुसरीकडे बघतो." आरसा मान हलवून पडद्यामागे गेला. त्याने पत्र्याच्या झाकणांवर त्या गाडीसाठी काळपट हिरव्या रंगाचे कितीतरी नमुने करून भिंतीला लावले होते. ते एकेक काढल्याचा आवाज आम्हाला अलीकडे ऐकू येत होता.

मला राहवलं नाही. मी धाकटीला तिथल्या तिथे सुनावलं, "तुझ्या नवऱ्याला ह्यांचा एक दिवस बघवला नाही. एक दिवस. जन्मभर वाहवा त्यालाच मिळाली, तरी पोट भरलं नाही." ती पांढरीफटक पडली. म्हणाली, "ताई, ते मुद्दाम असं करणार नाहीत." मी म्हटलं, "आमच्या ह्यांनी तर सांगितलंच होतं, त्याला बघवत नाहीये." धाकटी रडत एकटीच घरी गेली. मी तिला हाक मारली नाही.

त्यानंतर आमच्या घरात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. मी खूश होते. खोटं कशाला बोलू? ह्यांच्यासाठी जीव तुटत होता, पण जगातली सगळ्यात दुर्मीळ गाडी धाकटीच्या नवऱ्याच्या हातून गेली, हे आठवलं की मला गोड झोप लागायची. हे मात्र दिवसेंदिवस खंगत चालले. ताटातलं ताटात राहायचं. मी त्यांची समजूत घालायला म्हणायची, "बरी खोड मोडली त्याची." की हे उठून बाहेर जायचे.

एक दिवस दुपारी मी पुन्हा तेच बोलले. ह्या खेपेस हे उठले नाहीत.

"त्याने चुकून नाही मारलं प्रायमर," ते म्हणाले.

"तेच तर मी म्हणते. मुद्दाम मारलं."

"मुद्दाम मारलं. माझ्यासाठी."

मग सगळं बाहेर आलं. शनिवारी दुपारी स्टेपनीचं चाक आलं. ह्यांनी हौसेने झाकण उचलून चाक आत घालायला घेतलं, तर ते जाईना. बोटभर अडत होतं. गाडी बनवणाऱ्याने चाक मावावं म्हणून ती बाजू मुळातच फुगीर केली होती, आणि ह्यांनी मडगार्ड घडवलं बॅटरीच्या बाजूवरून. दिसायला देखणं, बरोबर दुसऱ्या बाजूसारखं, आणि तेच चूक. बाकी सगळे घरी गेल्यावर ह्यांनी ते बाहेरच्या अंगाला ताणायला सुरुवात केली. आधीच ठोकून ठोकून कडक झालेला पत्रा, तो तडकला. सांधला, तर आचेने वेडावाकडा झाला. चाक आत गेलं, पण मडगार्डवर खड्डे आणि टेंगळं.

"आरसा गेला नव्हता," हे म्हणाले. "पडद्यापलीकडे होता. आला, बघितलं, तळवा फिरवला. मी सांगितलं होतं, असं एका शब्दाने म्हणाला नाही. मला म्हणाला, दादा, तुम्ही घरी जा. सकाळी येऊन त्याने पुट्टी भरली, घासली, वरून प्रायमर."

मी सुन्न झाले. पण माझं डोकं कसं चालतं बघा. पहिला विचार आला तो धाकटीचा नाही, वकीलसाहेबांचा. मी म्हटलं, "आता झालं ते झालं. कुणाला कळलेलं नाही. मूग गिळून बसा."

"दुसरा पेंटर घासायला घेईल तेव्हा कळेलच. पण ते नाही." ते म्हणाले. "मी उद्या वकिलाकडे जातो."

"धाकटीच्या नवऱ्यासाठी? इतके कधीपासून थोर झालात?"

"थोर कसला? जळतोय मी. आजवर माझं चांगलं काम त्याच्या रंगाखाली गेलं, ते सोसलं. आता माझी चूकसुद्धा त्यानेच झाकली. निदान चूक तरी माझी म्हणून राहू दे. तो माझ्यापेक्षा मोठा माणूस ठरलेला मला चालायचा नाही."

एवढं खरं बोलणं मी ह्यांच्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हे वकीलसाहेबांना गॅरेजात घेऊन गेले आणि मडगार्डवर बोटाने टकटक करून दाखवलं. पत्रा होता तिथे खणखणीत वाजत होतं, पुट्टी होती तिथे मातीच्या भिंतीसारखं. वकीलसाहेबांनी फार आरडाओरडा केला नाही. म्हणाले, "सांगितलंत हे बरं केलंत. पण मडगार्ड आता मी दुसऱ्याकडून करून घेईन. रंग मात्र इथेच होईल." म्हणजे गाडी आरशाला परत मिळाली आणि ह्यांच्या हातून गेली.

मी धाकटीकडे गेले. माफीबिफी मागायची आमच्यात पद्धत नाही. मी जाऊन तिची भांडी घासायला घेतली. ती म्हणाली, "ताई, साबण जपून वापर, महाग आहे." म्हणजे मिटलं.

ज्याला मडगार्डचं काम दिलं तो दुसऱ्या गावचा डेंटर होता. वयाने लहान. झालं, आमच्या घराला नवं औषध मिळालं. संध्याकाळी आरसा आमच्याकडे यायला लागला. वकीलसाहेब त्याला तिकडे काम बघायला पाठवायचे, आणि तो येऊन ह्यांना बातमी द्यायचा. "दादा, झाकणापाशी फट आहे, करंगळी जाईल." हे पुढे सरकून विचारायचे, "आणि दिव्याची गोलाई?" "गोलाई कसली, तिला कोपरे आहेत." दोघं इतके हसायचे की मी आणि धाकटी स्वयंपाकघरातून येऊन बघायचो. वीस वर्षांत हे साडू कधी एकत्र बसून हसले नव्हते. त्या बिचाऱ्या डेंटरचा चेहराही आम्ही पाहिला नव्हता, पण चौघांचं त्याच्याविषयी अगदी एकमत होतं.

मग एका शनिवारी आरसा आला आणि गप्प बसला. गाडी मडगार्ड बसवून रंगासाठी परत आली होती.

"किती भरावी लागणार पुट्टी?" ह्यांनी विचारलं.

"लागणार नाही."

"अजिबात?"

"स्टेपनी गेली आत. झाकण लागलं. मी तीनदा हात फिरवला, दादा."

हे खाली बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या लोक येणार असतील बघायला."

"सकाळी. फोटोवालाही आहे."

"तू सकाळी लवकर जातोसच." हे त्याच्याकडे न बघता म्हणाले. "उघडा पत्रा दिसला की तुझा हात जातो. सवय आहे तुझी. सगळ्यांना माहीत आहे."

धाकटीने माझा हात धरला. आरसा हळूच म्हणाला, "ते तुमचं होतं म्हणून मारलं, दादा."

रविवारी हे स्वतःहून गॅरेजात गेले. मी मागोमाग गेले, म्हटलं माणूस काय करील सांगता येत नाही. तीच चांगल्या कपड्यांतली माणसं, आणि मधे ते मडगार्ड, उघडं, चांदीसारखं पांढरं. मला गाड्यांतलं कळत नाही, पण काम किती सुरेख झालंय ते मलाही कळलं. सगळे त्या दुसऱ्या डेंटरच्या पाठीवर थाप मारत होते. तो लाजत होता. फोटो निघाले. हे खांबापाशी उभे राहून बघत होते, आणि ह्यांचा चेहरा मला बघवत नव्हता.

माणसं पांगल्यावर हे पुढे झाले. मडगार्डपाशी वाकले, डोळा बारीक करून इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "दिव्याखाली एक ठोका जास्त पडलाय."

मी म्हटलं, "हो, मलाही दिसला."

आरसा पडद्यामागून हात पुसत आला. त्याने डोळे मिटले आणि दिव्याखाली तळवा फिरवला, सावकाश, वरून खाली आणि परत वर. तिथे काही नव्हतं. कालच तीनदा त्याच हाताने त्याने पाहिलं होतं.

"दोन पडलेत, दादा," तो म्हणाला.

त्या दिवशी हे घरी येऊन पोटभर जेवले.